पुण्यातील एका स्तन-तपासणी केंद्राविषयी : यंत्रे चांगली, निरोप देण्याची रीत वाईट, आणि सूक्ष्मदर्शकापाशी मिळालेला अर्धा तास

माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या स्तनात, वरच्या बाजूला काखेकडे, आंघोळ करताना हाताला एक गाठ लागली आणि ती दुखत नव्हती म्हणून ताईने अडीच महिने कोणाला काही सांगितले नाही. तिचे वय ५६, पाळी जाऊन पाच वर्षे झालेली, घराण्यात कोणाला हा आजार नाही, दोन्ही मुलांना वर्षभर अंगावर पाजलेले. एवढ्या भांडवलावर तिने स्वतःची समजूत घातली होती. दिवाळीचा फराळ उरकल्यावर ती माझ्यापाशी बोलली आणि पुढच्याच सोमवारी मी तिला पुण्यातील एका स्तन-तपासणी केंद्रात घेऊन गेले. त्या केंद्राच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी केंद्रे आता बऱ्याच शहरांत निघाली आहेत आणि तेथे पाय ठेवण्यापूर्वी काय विचारावे हे वाचणारीला कळले तरी पुरे.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे असेल, पण निदान करणाऱ्या सेवेकडून माझी पहिली अपेक्षा अशी असते की जे सापडले ते रोग्याला समजेल अशा रीतीने सांगितले जावे. या एका कसोटीवर हे केंद्र पहिल्या आठवड्यात साफ नापास झाले आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस विशेष प्राविण्यासह पासही झाले, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर लिहिते.

सुरुवात चांगली झाली. मॅमोग्राफीच्या खोलीत टेक्निशियन स्त्री होती, दार नीट बंद होत होते, आणि अंगावर घ्यायला स्वच्छ सुती झगा होता. या साध्या गोष्टी प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत हे मी जाणून आहे. आत जाण्यापूर्वी काखेतील पावडर आणि डिओडरंट ओल्या पुसणीने पुसून घ्यायला सांगितले. ताईला वाटले की स्वच्छतेसाठी असेल, पण खरे कारण वेगळे होते. अशा प्रसाधनांतील ॲल्युमिनियमचे कण चित्रात पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि कॅल्शियमच्या ज्या बारीक कणांवरून डॉक्टर रोगाचा माग काढतात त्यांच्यासारखेच दिसतात. हे टेक्निशियनने न विचारता सांगितले. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबला जातो तेव्हा दुखते, आणि ते तिने लपवले नाही. दाबल्यामुळे आतील थर एकमेकांवरून सरकून पसरतात, चित्र हलत नाही आणि क्ष-किरणांची मात्राही कमी लागते, हे तिने दोन वाक्यांत समजावले. प्रत्येक बाजूची दोन, अशी चार चित्रे घेतली. “पोळपाटावर लाटल्यासारखं झालं गं,” असे बाहेर येऊन ताई म्हणाली, पण प्रत्येक दाब काही सेकंदांचाच होता.

त्यानंतर लगेच सोनोग्राफी झाली. ज्या स्तनात ग्रंथींचे ऊतक दाट असते तो मॅमोग्राफीत पांढरा दिसतो, गाठही पांढरीच दिसते, आणि पांढऱ्यावर पांढरे ओळखणे अवघड जाते. अशा वेळी ध्वनिलहरींचे चित्र उपयोगी पडते. आपल्याकडच्या पाळी न गेलेल्या पुष्कळ स्त्रियांबाबत हे लागू आहे, म्हणून केवळ मॅमोग्राफी करून “सगळे ठीक” असा कागद देणाऱ्या आरोग्य-मेळाव्यांवर मी फार भिस्त ठेवणार नाही. येथील रेडिओलॉजिस्टने पडद्यावर मॅमोग्राफीच्या चित्रातील गाठ दाखवली: १८ मिलिमीटरचा पांढरा गोळा, कडा गुळगुळीत नाहीत, चहूबाजूंनी बारीक आरे निघालेले, आणि शेजारी सांडलेल्या बारीक रव्यासारखे पांढरे कण. सोनोग्राफीत काखेतील एका लसिका ग्रंथीचे (लिम्फ नोडचे, म्हणजे ऊतकांतून वाहणारा लसिका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठीचे) आवरण किंचित जाड वाटले, म्हणून तेथेही सुई घालून पाहावी असे त्यांनी सुचवले.

इथपर्यंत मी पूर्ण गुण दिले असते. दुसऱ्या दिवशी अहवाल घ्यायला गेलो तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने पाकीट उघडून पाहिले आणि आजूबाजूला पाच-सहा माणसे बसलेली असताना, “पाच आलंय, डॉक्टरांना दाखवून घ्या,” असे म्हणून ते आमच्या हातात दिले. ताई जिन्यापर्यंत काही बोलली नाही. जिन्यात थांबून तिने विचारले, “पाच म्हणजे पाचवी स्टेज का गं?” कर्करोगाच्या मुख्य अवस्था चारच असतात हे मला माहीत होते, पण तो पाच कशाचा हे त्या क्षणी मलाही सांगता आले नाही. अहवालात “बाय-रॅड्स ५” असे लिहिले होते. रेडिओलॉजिस्ट चित्राला किती संशय वाटतो त्यानुसार ० ते ६ असा जो वर्ग देतात त्यातला तो आकडा आहे. शून्य म्हणजे आणखी चित्रे हवीत, एक आणि दोन म्हणजे काळजीचे कारण नाही, तीन म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, चार म्हणजे सुई घालून तपासावे, पाच म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक, आणि सहा म्हणजे निदान आधीच सिद्ध झालेले. रोग किती पसरला याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. अहवालाच्या तळाशी मराठीत चार ओळी छापायला केंद्राला जवळपास काहीच खर्च आला नसता, आणि ताईची ती रात्र वाचली असती.

बायोप्सीची नोंद मात्र चांगलीच करावी लागेल. आमच्या ओळखीतल्या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले होते की गाठीला सुई लावली की ती पसरते, आणि ताई त्या भीतीने मागे फिरण्याच्या बेतात होती. डॉक्टरांनी तिला दटावले नाही. सुईच्या मार्गावर काही पेशी सरकू शकतात, पण त्यामुळे रोग्याचे आयुष्य घटते असा पुरावा नाही, आणि बायोप्सी न करता शस्त्रक्रियेला हात घातला तर रोगाचा प्रकारच ठाऊक नसताना उपचार ठरवावे लागतात, असे त्यांनी शांतपणे सांगितले. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, स्प्रिंगच्या सुईने पाच वेळा “खट्” असा आवाज करून पाच तुकडे काढले. प्रत्येक तुकडा शेवईच्या काडीएवढा. फॉर्मॅलिनच्या डबीत चार बुडाले आणि एक तरंगला. तरंगला तो बहुतेक चरबीचा, बुडाले ते कामाचे, असे नर्सने मला हळूच सांगितले. काखेतील ग्रंथीतून बारीक सुईने पाणी घेतले.

दरम्यान बिलाच्या खिडकीवर एक वेगळेच प्रकरण झाले. “महिला सुरक्षा पॅकेज” या नावाने रक्ताच्या सात-आठ तपासण्या सुचवल्या गेल्या, त्यांत सीए १५-३ ही तपासणी होती, आणि “कॅन्सर आहे की नाही ते रक्तातच कळतं” असे खिडकीतून सांगण्यात आले. हे चूक आहे. रक्तातील हे प्रथिन सुरुवातीच्या स्तनाच्या कर्करोगात बहुतेकदा वाढलेलेच नसते, यकृताच्या साध्या विकारातही वाढू शकते, आणि त्याचा उपयोग मुख्यतः पसरलेल्या रोगावर उपचार चालू असताना त्यांचा परिणाम पाहण्यासाठी होतो. निरोगी स्त्रीने किंवा गाठ लागलेल्या स्त्रीने निदानासाठी ही तपासणी करून घेण्यात पैसे जातातच, पण आकडा सामान्य आला तर खोटा धीर मिळून गाठ तशीच राहते, हे नुकसान मोठे. आम्ही नकार दिला. पॅकेज सोडून एकूण खर्च असा झाला: मॅमोग्राफी २,२०० रुपये, सोनोग्राफी १,५००, बायोप्सी ९,०००, आणि पुढील रिसेप्टर-तपासण्या (संप्रेरकांना किंवा वाढीच्या संकेतांना प्रतिसाद देणारी प्रथिने कर्करोगाच्या पेशींवर आहेत का ते पाहणाऱ्या) ६,५००. पुण्याच्या मानाने दर मला रास्त वाटले.

मुख्य तक्रार पुढे आहे. बायोप्सीचा अहवाल चार दिवसांनी “फोन करून सांगू” असे ठरले होते. शुक्रवारी रात्री साडेनऊला, जेवणाची भांडी घासून होत असताना, ताईच्या मोबाइलवर एक पीडीएफ आली. सोबत ना फोन, ना कोणाचे नाव, ना दुसऱ्या दिवशी कोणाला भेटावे याची सूचना. ताईला इंग्रजी वाचता येते. “इन्व्हेजिव्ह” (आजूबाजूला शिरणारा) आणि “कार्सिनोमा” (कर्करोग) हे दोन शब्द तिला कळले आणि बाकीचे दीड पान कळले नाही. जे सांगायला माणूस समोर बसलेला हवा ते एका फाइलीवर सोपवून मोकळे होण्याची ही रीत कोणत्याही केंद्राने ताबडतोब बंद करावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून बरेच काही बोलले. त्याचा परिणाम म्हणा किंवा त्यांचा मूळचा स्वभाव म्हणा, अहवालावर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी स्वतः आम्हाला दुपारी बोलावले. या केंद्रात “अहवाल समजून घ्या” अशी एक हजार रुपयांची स्वतंत्र भेट मिळते, पण ती दरपत्रकात शेवटच्या ओळीत आहे आणि तोंडी कोणी सांगत नाही. आमच्याकडून त्यांनी ते पैसे घेतले नाहीत. त्यांच्या टेबलावर दोन माणसांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला आधी ताई आणि मग मी.

प्रथम त्यांनी त्याच तुकड्यातील निरोगी भाग दाखवला. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे घोस असतात आणि त्यांच्यापासून निप्पलपर्यंत दुग्धनलिका जातात. तुकड्याचा पातळ काप लावलेली काच गुलाबी आणि जांभळ्या रंगांनी रंगवलेली असल्यामुळे नलिकेचा छेद बांगडीसारखा दिसतो. तिच्या आतील बाजूला पेशींचा एक थर, त्याबाहेर आकुंचन पावणाऱ्या पेशींचा दुसरा थर, आणि त्याही बाहेर एक अतिशय पातळ पडदा. “या पडद्याकडे लक्ष ठेवा, सगळी गोष्ट त्याचीच आहे,” असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी काच किंचित सरकवली. आता जी बांगडी दिसली ती पोकळ नव्हती. पेशींनी गच्च भरली होती, पेशींची केंद्रके लहानमोठी झाली होती, आणि मधोमध मेलेल्या पेशींचा एक गुलाबी गोळा होता. बाहेरचा पडदा मात्र शाबूत होता. ही अवस्था डीसीआयएस या नावाने ओळखली जाते: कर्करोगाच्या पेशी आहेत, पण त्या नलिकेतच कोंडलेल्या आहेत, आणि जोवर त्या आत आहेत तोवर त्यांना रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनी गाठता येत नाही. मधल्या मृत गोळ्यात कॅल्शियम साचते, आणि मॅमोग्राफीत सांडलेल्या रव्यासारखे जे कण आम्ही पाहिले होते ते हेच. सोमवारचे चित्र आणि शनिवारची काच अशी एकमेकांना जोडली गेली, आणि ताईने त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदा “अच्छा!” असे म्हटले.

तिसऱ्या ठिकाणी तो पडदा नव्हता. पेशींचे पुंजके आणि कुठे कुठे एकेरी रांगा नलिका सोडून आजूबाजूच्या ऊतकात शिरल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती गुलाबी तंतूंचे दाट जाळे झाले होते. हे तंतू कर्करोगाच्या पेशींचे नाहीत. घुसखोरी झाल्यावर शरीराचे स्वतःचे ऊतक असे घट्ट होत जाते, आणि हाताला गाठ जी दगडासारखी लागते ती बरीचशी या तंतूंमुळे लागते, असे बाईंनी सांगितले. या तंतूंची ओढ आत खेचते तेव्हा त्वचेवर खळी पडते किंवा निप्पल आत जाते. वेदना देणाऱ्या नसांवर यात सुरुवातीला दाब येत नाही, म्हणून दुखत नाही. दुखत नसलेली, कडक, हलवायला जड अशी गाठ अधिक संशयास्पद असते, ही गोष्ट ताईच्या समजुतीच्या अगदी उलट होती.

“अडीच महिने थांबले नसते तर?” असे ताईने विचारलेच. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही आणि अपराधीपणाही वाढवला नाही. एका पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साठत जातात, वाढ थांबवणारी आणि दुरुस्ती करणारी यंत्रणा निकामी होते, आणि मग ती एकीची दोन, दोनाची चार अशी वाढू लागते. सुमारे तीस वेळा दुप्पट झाली की पेशींची संख्या शंभर कोटींवर जाते आणि गाठ एखाद्या सेंटिमीटरची होते. हा प्रवास बहुतेकदा काही वर्षांचा असतो. त्यातले अडीच महिने थोडे, पण थांबण्याचे समर्थन त्यातून होत नाही, कारण शेवटच्या काही दुपटींमध्येच गाठ दुप्पट-चौपट दिसू लागते आणि काखेपर्यंत जाण्याची शक्यता वाढत जाते.

कारणांविषयी ताईच्या मनात एक यादी तयार होती: काळी ब्रा, छातीला लागलेला जुना मार, पदराआड ठेवलेला मोबाइल. या तिन्हींना आधार नाही, हे ऐकून तिला हायसे वाटले. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्य, आणि काही संप्रेरकांच्या गोळ्या यांनी धोका वाढतो, कारण यांपैकी बहुतेकांमुळे स्तनाच्या पेशींना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अधिक काळ किंवा अधिक प्रमाणात मिळते. अंगावर पाजल्याने तो थोडा कमी होतो, नाहीसा होत नाही. आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारे रुग्ण शंभरात पाच ते दहा. केंद्राच्या अर्जात वडिलांकडच्या आत्या आणि आजी यांचीही विचारणा होती, ही मला विशेष आवडलेली बाब, कारण बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो, आणि आपल्याकडे “आईला, मावशीला नाही ना” एवढेच विचारून विषय संपतो.

अहवालात “ग्रेड २” असा शब्द होता आणि त्याचाही आमच्याकडून स्टेजशी घोळ झाला होता. ग्रेड म्हणजे पेशी मूळच्या रूपापासून किती दुरावल्या आहेत त्याचे माप: नलिकेसारखी रचना किती उरली, केंद्रके किती बिघडली, आणि विभाजन होताना किती पेशी दिसतात, या तिन्हींना एक ते तीन गुण देऊन बेरीज करतात. ताईची बेरीज तीन, दोन आणि एक, म्हणजे सहा. स्टेज म्हणजे गाठ केवढी, काखेत गेली का आणि दूर कुठे गेली का. लहान गाठीचा ग्रेड वाईट असू शकतो आणि मोठ्या गाठीचा बरा.

रोग पसरतो कसा, हा भाग मी सर्वांत लक्ष देऊन ऐकला, कारण घरात त्यावरूनच वाद चालला होता. आमच्या वहिनींचे म्हणणे असे की पूर्ण स्तन काढून टाकला की विषय मिटतो. एकेकाळी शल्यविशारदांनाही असेच वाटत असे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम हॉल्स्टेड यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, कारण रोग पाण्यातील वर्तुळासारखा क्रमाने बाहेर सरकतो आणि पुरेसे मोठे वर्तुळ कापले की तो संपतो, अशी त्यांची धारणा होती. त्याच काळात, १८८९ मध्ये, लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी या रोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि पेशी सगळीकडे सारख्या रुजत नाहीत, काही अवयवांतच रुजतात, असे दाखवून बी आणि जमीन यांची उपमा दिली. पुढे बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांत गाठ काढून किरणोपचार केलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचे आयुर्मान वीस वर्षांनंतरही सारखेच निघाले. आयुष्याचा निकाल बहुतांशी, शस्त्रक्रियेच्या आधी पेशी दूर पोचल्या होत्या का आणि तेथे रुजल्या का, यावर लागतो. वहिनींना मी हे फोनवर सांगितले. त्या गप्प राहिल्या, पण पटले असे म्हणाल्या नाहीत.

प्रत्यक्ष मार्ग दोन आहेत. स्तनातील बहुतेक लसिका काखेकडे वाहते, म्हणून पेशी सुटल्या तर अनेकदा पहिल्यांदा तेथे सापडतात. शस्त्रक्रियेच्या वेळी निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून ते सर्वप्रथम ज्या ग्रंथीत पोचते ती पहारेकरी ग्रंथी काढून तपासतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या ग्रंथी राहू देतात आणि हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच टळतो. ताईच्या काखेतील सुईच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी मिळाल्या नाहीत, पण पहारेकरी ग्रंथीची तपासणी त्यामुळे टळत नाही, हे बाईंनी दोनदा सांगितले. दुसरा मार्ग रक्ताचा. त्यात शिरलेल्या बहुसंख्य पेशी मरतात. ज्या टिकतात त्या हाडे, फुफ्फुसे, यकृत आणि मेंदू येथे प्रामुख्याने रुजतात. हाडात बसलेली पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवते आणि झिजलेल्या हाडातून सुटणारी वाढीची द्रव्ये पुन्हा तिलाच पोसतात. तेथे वाढलेला रोग हाडाचा कर्करोग होत नाही. तो स्तनाचाच राहतो आणि उपचारही त्याचेच लागतात. काही पेशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात, म्हणून संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात गोळ्या पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्याव्या लागतात.

बोलता बोलता त्यांनी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील अनेक केंद्रांत झालेल्या एका चाचणीचा उल्लेख केला, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेत गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन हे बधिर करणारे साधे औषध टोचले, तर सुमारे १,६०० स्त्रियांच्या त्या पाहणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झाले. औषध अगदी स्वस्त. “तुमच्या सर्जनना विचारून पाहा,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि मी ते वहीत लिहून घेतले.

रिसेप्टरचा अहवाल सात दिवसांत देऊ म्हणाले होते, तो अकराव्या दिवशी आला, कारण ती तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते, आणि हे पैसे घेताना सांगितले नव्हते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा तास राहिला नाही किंवा फार दिवस पडून राहिला, तर या चाचण्या चुकू शकतात; तुकडे काढल्याची आणि द्रवात टाकल्याची वेळ अहवालावर लिहिलेली होती, हे मात्र चोख. इस्ट्रोजेन रिसेप्टर ९० टक्के पेशींत, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर ६० टक्के, हर-टू (पेशींना वाढीचा संकेत देणारे प्रथिन) १+, म्हणजे नकारात्मक. हर-टू २+ आले असते तर फिश नावाची आणखी एक चाचणी लागली असती आणि ३+ आले असते तर १९९८ पासून वापरात असलेले ट्रास्टुझुमॅब किंवा त्याच जातीचे औषध विचारात घेतले असते. तिन्ही नकारात्मक असलेला प्रकार अधिक आक्रमक असतो आणि त्यात केमोथेरपीवर भिस्त ठेवावी लागते. या वेळी पीडीएफ येण्याआधी बाईंचा फोन आला. त्यांनी पंधरा मिनिटे बोलून मग फाइल पाठवली. तक्रारीचा एवढा उपयोग झाला.

केंद्राची आणखी एक सोय नोंदवते. दर शनिवारी सकाळी प्रशिक्षित नर्स हाताने स्तनांची तपासणी विनामूल्य करते, आणि तिच्यासमोर रांग नसते, कारण लोकांना यंत्राशिवायची तपासणी तपासणीच वाटत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशीच हाताने तपासणी केली. दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या त्या पाहणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यूंतील घट निर्विवाद ठरली नाही, पण पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. मी स्वतः त्या शनिवारी तपासून घेतले. नर्सने तीन बोटांच्या सपाट भागाने, गळपट्टीच्या हाडापासून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी, काखेसकट तपासले; तिला दहा मिनिटे लागली आणि मधे तिने मोबाइल उचलला नाही.

शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात ठरल्यामुळे शेवटची फेरी साहित्य परत घेण्यासाठी झाली. काचा आणि बायोप्सीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा रोग्याला मागता येतो, पण पुष्कळ जणांना ते ठाऊक नसते आणि मग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. येथे त्यासाठी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि रजिस्टरवर सही एवढेच लागले. खिडकीतल्या मुलीने, त्याच “पाच आलंय” म्हणणाऱ्या, दोन काचा प्लास्टिकच्या डबीत घातल्या, ठोकळा टिश्यू कागदात गुंडाळला, क्रमांक जुळवून पाहिला आणि पाकिटावर “उन्हात ठेवू नये, मेण वितळते” असे मराठीत लिहून दिले. ताईने पाकीट माझ्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये, पाण्याच्या बाटलीपासून लांब, आतल्या कप्प्यात ठेवले.